वाक्यागणिक 'अंडी' ऐकू आलं, तर ती भाषा कोणती?

प्रश्न असा आहे: सोलापूर सोडल्यावर रेल्वेच्या डब्यात समोर दोन बायका बोलत होत्या. जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'अंडी' ऐकू येत होतं, मधूनमधून 'लेदु'. ही कानडी की तेलुगू? आणि अंड्यांचा काय संबंध?

भाषा तेलुगूच. अंड्यांचा संबंध काहीच नाही. तो 'अंडि' आदर दाखवणारा आहे. आपण 'अहो' म्हणून वाक्याला सुरुवात करतो, तेलुगू माणूस तेच काम शेवटी करतो. 'अवुनु' म्हणजे हो, 'अवुनंडि' म्हणजे हो हो, पण मान देऊन. 'लेदु' म्हणजे नाही, 'लेदंडि' म्हणजे नाही हो. 'चेप्पंडि' म्हणजे सांगा ना. बाई असो की पुरुष, 'अंडि' दोघांनाही चालतो. आंध्रातल्या गोदावरीकाठी तर तो फारच सढळ वापरतात. तेलंगणात त्याऐवजी 'चेप्पुंड्रि' अशी रूपं ऐकू येतात. सोलापुरातल्या पद्मशाली विणकरांची घरं मूळची तेलंगणाकडची, म्हणून त्या दोघी सोलापूरच्या नसून किनारी आंध्रातल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

'तेलुगू गोड, तमिळ भरभर' असल्या ठोकताळ्यांवर मात्र जाऊ नका. भरभर बोलणं माणसावर असतं. शब्दाच्या शेवटी 'उ' आला की तेलुगू, हेही अर्धंच खरं, कारण कानडीतही 'हालु', 'नीरु', 'हेसरु' आहेतच. त्यापेक्षा पुन्हापुन्हा येणारे बारके शब्द पकडा, आणि त्यातही नकार. बोलण्यात तो सारखा येतो आणि ठसठशीत ऐकू येतो. तेलुगूत 'लेदु', कानडीत 'इल्ल'. इथे एक फसगत आहे: तेलुगूत 'इल्लु' म्हणजे घर! म्हणून एका शब्दावर निकाल देऊ नये, दुसरी खूण जुळते का ते बघावं.

दुसरी खूण मला सगळ्यात आवडते. जुन्या कानडीतल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला, शेजारच्या भाषांत 'प' टिकला. दूध तेलुगूत 'पालु', तमिळमध्ये 'पाल', कानडीत 'हालु'. वाघ तिकडे 'पुलि', कानडीत 'हुलि'. नाव तेलुगूत 'पेरु', कानडीत 'हेसरु'. अनोळखी बोलण्यात 'ह'ने सुरू होणारे शब्द दाटीने येऊ लागले, तर कानडीची शक्यता बरीच वाढते.

अनेकवचनही ऐका. तेलुगूत 'लु' लागतो: 'पिल्ललु' म्हणजे मुलं. कानडीत 'गळु' किंवा 'ळु': 'मनेगळु' म्हणजे घरं, 'मक्कळु' म्हणजे मुलं. ल आणि ळ मधला फरक मराठी कानाला शिकवावा लागत नाही, हा आपला मोठा फायदा. फक्त नुसता 'ळ' ऐकून कानडी ठरवू नका. पाण्याला तेलुगूत 'नीळ्ळु' म्हणतात.

कानडीतही शेवटी येणारा आदर आहे, पण तो 'अंडि' नव्हे, 'री'. 'हौद्री', 'एन्री' ऐकू आलं की ती कानडी, बहुधा धारवाड-विजापूरकडची, समजावी.

तमिळ आणि मल्याळम यांची गल्लत झाली, तर नाकातल्या उच्चारांकडे लक्ष द्या. तमिळमध्ये 'मी' म्हणजे 'नान', मल्याळममध्ये 'ञान'. तमिळ 'मांगाय' मल्याळममध्ये 'माङ्ङ' होते, म्हणजे कैरीतला 'ग' अनुनासिकात विरून जातो. 'येणं'चं रूप असलेल्या 'वन्दु'चं 'वन्नु' होतं, तिथेही 'द' तसाच गेला. नकार मात्र इथे उपयोगाचा नाही, कारण तमिळ 'इल्लै' आणि मल्याळम 'इल्ल' घाईत सारखेच ऐकू येतात.