मल्टिमीटर आणि टेस्ट टोन वापरून कारच्या अ‍ॅम्पचा गेन कसा सेट करायचा?

तुमचा सेटअप असा आहे: बाहेरून बसवलेलं हेड युनिट (डॅशबोर्डमधला प्लेअर), ४ चॅनलचा अ‍ॅम्प, पुढच्या दोन चॅनलवर ७५ वॉट आरएमएसचे (म्हणजे सतत पेलता येणाऱ्या पॉवरचे) कॉम्पोनंट स्पीकर आणि मागचे दोन चॅनल ब्रिज करून (एकत्र जोडून) त्यावर २०० वॉट आरएमएसचा १२ इंची सब (बासचा स्पीकर). सगळे ४ ओहमचे. गेन अंदाजाने अर्ध्यावर ठेवलाय आणि आवाज वाढवला की फाटतो.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. हेड युनिट जास्तीत जास्त किती स्वच्छ व्होल्टेज देतं, ते अ‍ॅम्पला सांगणारी ती जुळणी आहे. बऱ्याच अ‍ॅम्पवर गेनच्या पेचाच्या एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. ६ हा आकडा मोठा दिसला तरी तिथे गेन सगळ्यात कमी असतो.

आधी गणित. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. वॉट आरएमएसचेच धरा, डब्यावरचा ‘मॅक्स’ आकडा विसरा. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आकडा कमी, तो घ्यायचा. समजा अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ४ ओहमला प्रत्येक चॅनल ६० वॉट आणि ब्रिज करून १८० वॉट लिहिलंय. मग पुढच्या चॅनलसाठी ६० × ४ = २४०, वर्गमूळ १५.५ व्होल्ट. सबसाठी १८० × ४ = ७२०, म्हणजे २६.८ व्होल्ट. ओहम छापलेलेच घ्या. मीटरने कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) मोजली तर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, तो डीसी रोध आहे आणि इथे कामाचा नाही.

आता ज्या पायरीवर बहुतेकांचं चुकतं ती. फाटका सिग्नल हेड युनिटमधूनच येत असेल, तर अ‍ॅम्पवर आकडा अगदी बरोबर लावूनही आवाज फाटणारच. म्हणून पहिल्यांदा हेड युनिटची मर्यादा काढा. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद, फेडर-बॅलन्स मध्यावर. ४०० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (म्हणजे फाइलमधल्या कमाल पातळीचा) साइन टोन वेव्ह फाइलच्या रूपात पेनड्राइव्हवरून वाजवा. ब्लूटूथ नको, त्यात फोनचा आवाज आणि फोनचा इक्वलायझर मध्ये लुडबुड करतात. सिस्टिम बंद करून आरसीए (हेड युनिटमधून सिग्नल आणणारी केबल) अ‍ॅम्पकडून काढा, मग हेड युनिट चालू करून मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात एसी व्होल्ट मोजा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका.

व्हॉल्यूम वरच्या भागात दोन-दोन पायऱ्यांनी वाढवत आकडे लिहून काढा. समजा ०.९०, १.१३, १.४२, १.७९ असे येतात. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.२६ पट आहे. पुढचा २.२५ यायला हवा होता आणि आला १.९५, तर लाटेचं टोक कापलं जातंय. म्हणजे १.७९ वाली पायरी ही तुमची कमाल. मीटर लाटेचा आकार दाखवत नाही, पण गुणोत्तर मोडलं की क्लिपिंग पकडता येतं. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीचे २०० आणि ७५० असे दोनच टप्पे असतात, त्यावर आरसीएचं एवढं बारीक व्होल्टेज नीट वाचता येत नाही. २ किंवा २० व्होल्टचा एसी टप्पा असलेला मीटर घ्या. शक्यच नसेल तर व्हॉल्यूम पूर्ण आकड्याच्या तीन-चतुर्थांशावर धरा.

सिस्टिम परत बंद करून आरसीए जोडा. अ‍ॅम्प चालू असताना आरसीए काढा-घाल केली तर स्पीकरला दणका बसतोच, शिवाय काही हेड युनिटमधला ग्राउंडचा बारीक फ्यूज उडतो आणि मग इंजिनसोबत शिट्टी ऐकू येऊ लागते.

अ‍ॅम्पवरून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. गेन सगळ्यात खाली, बास बूस्ट शून्य, फिल्टर (ठराविक सूर अडवणारे) तात्पुरते बंद. सबचा वेगळा नॉब डॅशबोर्डवर असेल तर तो पूर्ण उघडा. इंजिन चालू ठेवा, गाडी मोकळ्या जागेत. हेड युनिट आधी काढलेल्या कमाल पायरीवर ठेवून पुढच्या चॅनलला ४०० हर्ट्झ, सबला ५० हर्ट्झ वाजवा. मीटर एसीच्या २०० टप्प्यावर. सबसाठी प्रोब ब्रिजच्याच दोन टर्मिनलवर, म्हणजे एका चॅनलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस. लहान चपट्या स्क्रूड्रायव्हरने गणितातला व्होल्टचा आकडा येईपर्यंत पेच अगदी सावकाश फिरवा. सुरुवातीला आकडा जेमतेम हलतो आणि पुढे एकदम धावतो. पुढे गेलात तर मागे येऊन परत चढवा.

फिल्टर बंद करायला विसरलात तर काय होतं? हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर असताना ५० हर्ट्झ वाजवला, तर टोन फिल्टरमध्येच अडतो, मीटर कमी दाखवतो आणि माणूस गेन वाढवत बसतो. अशाने स्पीकर जळू शकतो.

सबला २६.८ च्या ऐवजी २५ वर थांबा, असं माझं ठाम मत आहे. स्पीकर जोडलेला नसताना अ‍ॅम्पवर भार नसतो. प्रत्यक्षात जोरदार बास आला की गाडीचं व्होल्टेज खाली बसतं आणि अ‍ॅम्प लवकर क्लिप होतो, पॉवर वायर बारीक असेल तर आणखीच. २५ व्होल्टला १५६ वॉट मिळतात. फरक ०.६ डेसिबलचा, कानाला जाणवणारही नाही, पण व्हॉइस कॉइल वाचते. पूर्ण कापलेली लाट चौकोनी होते आणि तेवढ्याच उंचीच्या साइनच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते. त्याच उष्णतेने वार्निश जळल्याचा वास येतो.

सगळं बंद करून स्पीकर जोडा, फिल्टर परत लावा आणि हेड युनिटची ती व्हॉल्यूम पायरी ओलांडू नका. सब जास्त वाजतोय असं वाटलं तर त्याचा गेन कमी करा, पुढच्या चॅनलचा वाढवू नका. नंतर इक्वलायझरमध्ये बास ३ डेसिबल वाढवलात तरी त्या पट्ट्यात दुप्पट पॉवर मागितली जाते. तसं करायचंच असेल तर ती सेटिंग ठेवून गेन पुन्हा पहिल्यापासून लावा.