हुशारांच्या कॉलेजात मैदानाचं वेड

प्रश्न : काकाजी, माझा भाचा अमेरिकेत येल विद्यापीठात शिकतो. मॅचच्या दिवशी तोंडाला निळा रंग फासलेले फोटो पाठवतो. एवढ्या अभ्यासू कॉलेजात हे कसं चालतं? माझी मुलगी अकरावीत आहे, कबड्डी खेळते. बारावीसाठी तिचा खेळ बंद करू का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, बंद करू नका. भाचा तोंड रंगवून जातो ती मॅच फुटबॉलची, पण हाताने चेंडू घेऊन धावायचं, अंगावर धडकायचं अमेरिकी फुटबॉल. हार्वर्ड आणि येल हा सामना 1875 पासून खेळतात. येलचं स्टेडियम 1914 चं, 60 हजारांवर माणूस मावतं. त्याच साली आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, हे मला फार अभिमानाचं वाटतं.

हार्वर्ड, येल धरून आठ विद्यापीठांची आयव्ही लीग आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून. चांगल्या खेळाडूला प्रवेशात झुकतं माप मिळतं, हे खरं. पण मार्क लागतातच. आयव्ही लीगबाहेरचं स्टॅनफर्ड विद्यापीठ मात्र खेळावर शिष्यवृत्ती देतं.

आपल्याकडे दहावीनंतर मुलींचं मैदान सुटतं ते बहुतेक कायमचं. चुन्याच्या रेघेपाशी दम धरून वाकलेली पोरगी मी पाहतो, तेव्हा तिला घरी बसवणाऱ्यांचा राग येतो. संध्याकाळचा एक तास तिचाच राहू द्या. परीक्षेच्या महिन्यात सराव कमी करा, आणि तालुका-जिल्हा स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा.