आधी उलटून बघ

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बातम्या बघणं सोडलंस, बहिष्काराच्या यादीतल्या वस्तू घरातून बाद केल्यास, साबणावरून आईशी भांडलीस आणि आता विचारतेस की याने काही होतं का. कौतुक मी करणार नाही, मैत्रिणींनी केलंच असेल. माझं म्हणणं एकच आहे आणि तुला वीट येईपर्यंत मी ते सांगणार आहे. वस्तू असो, बातमी असो की पुढारी असो, आधी उलटून बघ. दर्शनी बाजू विकणाऱ्याची असते. कायद्याने छापावंच लागतं ते मागे, तळाला, बारीक अक्षरांत सापडतं.

तू फोटो पाठवलेल्या त्या 'हातमागाच्या' सोलापुरी चादरीचंच घे. आपल्याकडची चादर बहुतेक यंत्रमागावर निघते, त्यामुळे दुकानदार हातमाग म्हणाला की हँडलूम मार्कचं लेबल दाखवायला सांग. मग चादर उलट. मागाला लावलेल्या जेकार्ड यंत्रणेवर विणलेली नक्षी मागेही तितकीच ठसठशीत असते, फक्त रंग अदलाबदल होतात. पुढे तांबड्यावर पांढरं फूल, तर मागे पांढऱ्यावर तांबडं. छापील चादर मागून फिकी पडते. सूत तपासायचं तर कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढ आणि वेगवेगळे जाळ, कारण ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टर असं असू शकतं. चिमट्यात धर, खाली स्टीलची ताटली ठेव. सुती धागा झटकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ आणि राखाडी होते, बोटाने चुरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. राखेत खडा लागला तर मिश्रण आहे. व्हिस्कोसही कागदासारखंच जळतं, त्यामुळे या चाचणीवर 'शंभर टक्के कॉटन'ची पैज लावू नकोस. 'ऑर्गेनिक' तर ज्योतीवर कळतच नाही, त्याला प्रमाणपत्रच बघावं लागतं.

आणि भौगोलिक मानांकनाचा शिक्का दिसला म्हणून लगेच हुरळू नकोस. चादर सोलापूरची आहे एवढं तो सांगतो. ती विणणाऱ्याला काय मिळालं, हे त्यावर नसतं.

इथेच तुझ्या बहिष्काराशी माझं भांडण आहे. खप घटला की मालक आधी माग थांबवतो, आणि ज्याची मजुरी नगावर आहे त्याची कमाई त्याच दिवशी बुडते. मागणी काय, ती कुणाकडे, किती तारखेपर्यंत, हे न लिहिलेला बहिष्कार म्हणजे नुसतं रुसणं. यादीतला ब्रँड सोडून दुसरा आणलास, तेव्हा पाकीट उलटून पाहिलंस का? 'निर्माता' आणि 'विपणनकर्ता' या दोन वेगळ्या ओळी असतात, आणि नाव बदललं तरी कंपनी तीच निघू शकते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. शेंगा चटणीच्या पाकिटावर शेंगदाणे पहिले नसतील तर पुढचं 'पारंपरिक चव' वगैरे वाचायचीही गरज नाही.

बातम्या सोडल्यास ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही. पेपर उलट. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. 1956 च्या नियमांनुसार, ते 2024 मध्ये बदलेपर्यंत, दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं असायची. वाचनालयात मार्चच्या सुरुवातीचे जुने अंक काढायला सांग. एकच मजकूर, तोच फोटो, तीच वाक्यं दोन पेपरांत दिसली तर ते बहुधा प्रसिद्धिपत्रक आहे. कोपऱ्यात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहिलंय का बघ. नसेल तर शंका आणखी वाढव. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी रद्दीत टाकू नकोस, शुभेच्छुकांची नावं उतरवून घे. त्यातले ठेकेदार कोण आणि त्यांना कोणती कामं मिळाली, हे राज्य सरकारच्या निविदांच्या 'महाटेंडर्स' संकेतस्थळावर ताडून बघता येतं. नाव जुळलं म्हणजे लाचच दिली असं नव्हे, पण विचारायला प्रश्न मिळतो. निवडणुकीचं पत्रकही उलट. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नसेल तर फोटो काढ आणि फॉरवर्ड न करता निवडणूक अधिकाऱ्याकडे दे.

लोक मला चिकट म्हणतात, म्हणोत. भाषणं ठोकणाऱ्यांपेक्षा तळाची ओळ वाचणारा माणूस ऑफिसात जास्त त्रासदायक ठरतो, हे मी पुरेसं पाहिलंय, आणि या वयात मत बदलणार नाही.

तेव्हा 'काही होतं का' हे विचारणं थांबव आणि हे कर. इंद्रभुवनात, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या इमारतीत, तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाक. जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. 'जाहिराती का देता' असं विचारशील तर अर्ज वाया जाईल, कारण त्यांना दप्तरात असलेली माहिती द्यायची असते, 'का'चं उत्तर दप्तरात नसतं. असं लिही: 'गेल्या आर्थिक वर्षात कोणत्या वृत्तपत्राला कोणत्या तारखेच्या जाहिरातीपोटी किती रक्कम दिली, त्या यादीची आणि देयकांची साक्षांकित प्रत द्यावी.' दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घे. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालू नकोस, सरळ स्पीड पोस्टाने पाठव. 30 दिवस वाट बघ. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. उत्तर आलं की मला झेरॉक्स पाठव, मूळ कागद तुझ्याकडेच ठेव. पाठीमागचे शेरेही झेरॉक्समध्ये येऊ देत.