नळाचे पाणी, मुलाची कावीळ आणि 'पिण्यास योग्य' असल्याचा अहवाल

शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या नगरपरिषद क्षेत्रात राहतात आणि त्यांच्या गल्लीत तिसऱ्या दिवशी जेमतेम पाऊण तास पाणी येते. जूनच्या सुरुवातीला भुयारी गटारासाठी गल्ली खोदली गेली. तेव्हापासून नळाला पहिली आठ-दहा मिनिटे गढूळ, गटाराच्या वासाचे पाणी येऊ लागले. 4 जुलैला त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला ताप आला, 9 जुलैला कावीळ असल्याचे निदान झाले, तो आठवडाभर रुग्णालयात होता आणि सुमारे 46 हजार रुपये खर्च झाला. गल्लीतील आणखी चार घरांत कावीळ झाली आहे. नगरपरिषदेने पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल दाखवला, दोष तुमच्याच नळजोडणीत आहे असे सांगितले आणि जोडणी स्वखर्चाने बदलून घेण्याच्या हमीपत्रावर सही मागितली. पाणीपट्टी भरणे थांबवावे का, दाद कोणाकडे मागावी आणि झालेला खर्च मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या पत्रासोबत जोडलेल्या अहवालाची छायाप्रत मी लक्षपूर्वक पाहिली. त्यात नमुना घेतल्याची तारीख 12 जुलै आहे आणि नमुना घेतल्याच्या ठिकाणापुढे 'जलशुद्धीकरण केंद्र' असे लिहिलेले आहे. हा अहवाल खोटा आहे असे म्हणण्याची आपल्याला काहीच गरज नाही. तो खरा मानला तरी त्यावरून एवढेच सिद्ध होते की केंद्रातून बाहेर पडणारे पाणी त्या एका दिवशी चांगले होते. आपल्या गल्लीत नळाला काय येत होते, आणि तेही मुलगा आजारी पडण्यापूर्वी काय येत होते, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. आपल्या प्रकरणात सगळा वाद नमुना कुठला आणि कधीचा या दोन गोष्टींभोवती फिरणार आहे.

यातील 'कधीचा' हा भाग बहुतेक तक्रारदारांच्या लक्षात येत नाही. रुग्णालयाच्या कागदांत रक्ततपासणीचा निष्कर्ष 'हिपॅटायटिस ए' असा दिला आहे. हा विषाणू शरीरात गेल्यानंतर लक्षणे दिसायला साधारणपणे 15 ते 50 दिवस लागतात. ताप 4 जुलैला आला, याचा अर्थ संसर्ग साधारण 15 मे ते 19 जून या काळात झाला असणार. जूनच्या सुरुवातीचे खोदकाम नेमके याच काळात येते. त्यामुळे 12 जुलैच्या पाण्यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्या पाच आठवड्यांत आपल्या भागात काय घडले याचे कागद मिळवणे कितीतरी महत्त्वाचे आहे. खोदकाम कोणत्या तारखांना झाले, जलवाहिनी किती वेळा फुटली, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या नोंदवहीत काय लिहिले आहे आणि गल्लीच्या टोकाला क्लोरीन तपासले होते की नाही, हे त्या कागदांतून कळेल. चारही शेजाऱ्यांच्या आजाराच्या तारखा आणि त्यांचे तपासणी अहवाल आजच गोळा करा. एका घरातील कावीळ बाहेर खाल्लेल्या पदार्थामुळे झाली असे म्हणता येते, पण एकाच जलवाहिनीवरच्या पाच घरांबद्दल तसे म्हणणे कठीण जाते.

ही माहिती मिळवण्यासाठी माहिती अधिकार कायदा, 2005 हा आपला पहिला मार्ग आहे. अर्ज नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून क्लोरीनच्या नोंदी, गळती दुरुस्तीच्या नोंदी आणि खोदकामाचा कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) यांसाठी तीन वेगळे अर्ज द्यावेत. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. माहिती जीविताशी संबंधित असल्यास ती 48 तासांत द्यावी लागते, आणि गल्लीत आजही रुग्ण असतील तर ही गोष्ट अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावी. अधिकारी ती सहज मान्य करत नाहीत, तरीही ती कागदावर राहणे पुढे उपयोगी पडते. या कायद्याच्या कलम 2 मधील माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे, हे फारसे कोणी वापरत नाही. आपण त्याचा आधार घेऊन आपल्या गल्लीतील पाण्याचा नमुना आपल्यासमक्ष घ्यावा, अशी लेखी मागणी करू शकता.

आपण स्वतः बाटलीत भरून ठेवलेल्या पिवळसर पाण्याबद्दल मला स्पष्टच लिहावे लागेल. ती बाटली जपून ठेवा, पण जंतूंच्या तपासणीसाठी तिचा आता उपयोग नाही. त्यासाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते, तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे रसायन आधीच घातलेले असते आणि नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांच्या आत, प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते, तेथे आधी चौकशी करून बाटल्या आणाव्यात. नमुना पाणी सुटताच घ्यावा, दुसरा अर्ध्या तासाने घ्यावा, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी साधा पंचनामा लिहून ठेवावा. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये आणि क्लोरीनची मात्रा लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावी लागते. हे मानक नगरपरिषदांवर कायद्याने थेट बंधनकारक केलेले नाही, आणि समोरचे वकील तसे म्हणतीलही, पण पाणी पिण्यास योग्य असल्याचा शेरा नगरपरिषद ज्या मोजमापांवर मारते ती याच मानकातली आहेत.

आता नळजोडणीच्या आक्षेपाकडे वळू. मुख्य जलवाहिनीवरील फेरूलपासून, म्हणजे जोडणी जिथून निघते त्या सांध्यापासून, घरापर्यंतची जोडणी सामान्यतः ग्राहकाच्या खर्चाची आणि देखभालीची मानली जाते, त्यामुळे हा आक्षेप वाऱ्यावर सोडता येणार नाही. आपली जोडणी गटारातून जाते का, तिचा पाइप गंजला आहे का, हे परवानाधारक प्लंबरकडून तपासून त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. आपण नळाला थेट मोटार लावत असाल तर ती आजपासून बंद करा. पाणी दोन दिवस बंद असताना वाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि भेगांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. मोटार हीच ओढ आणखी वाढवते, आणि नगरपरिषदेला आपल्या निष्काळजीपणाचा मुद्दा आयता मिळतो. मात्र पाच घरांच्या पाच जोडण्या एकाच महिन्यात, नेमक्या खोदकामानंतर, नादुरुस्त झाल्या हे म्हणणे मला पटत नाही आणि ते न्यायालयालाही सहज पटेल असे वाटत नाही. त्या हमीपत्रात दोष आपल्या जोडणीत असल्याची कबुली आहे. त्यावर सही करू नका. सुरक्षेसाठी जोडणी बदलायची असेल तर जरूर बदला, पण हा खर्च हक्क राखून करत असल्याचे पत्र आधी द्या, आणि जुना पाइप भंगारात न देता त्याची छायाचित्रे काढून तो ठेवून द्या.

पाणीपट्टी थांबवू नका. थकबाकीमुळे जोडणी तोडण्याचे निमित्त मिळते आणि तक्रारदाराला थकबाकीदार ठरवणे सोपे जाते. रक्कम भरताना 'हरकत राखून' असे पत्र जोडावे.

दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर आज काय थांबवायचे आहे यावर अवलंबून आहे. गल्लीतील दूषित पाणी थांबवणे हे सर्वांत तातडीचे आहे. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाचही कुटुंबांनी एकत्रित अर्ज करावा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश त्यांना देता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होती, आणि मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे व दुर्गंधी यांविरुद्ध तिचाच आधार घेतला होता. तेथील नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले आणि आर्थिक अडचण दाखवून नगरपालिकेला आपले वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही असे ठरवले. वकिलीच्या इतक्या वर्षांत या निकालाइतका सामान्य नागरिकाच्या हाती लागणारा निकाल मी फार थोडा पाहिला आहे, आणि तो अर्जात अवश्य नमूद करावा. त्याच्या जोडीला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 चे कलम 49 नमूद करावे. रहिवाशांच्या आरोग्याला धोका होऊ नये इतका योग्य व पुरेसा पाणीपुरवठा करणे हे त्यात नगरपरिषदेच्या कर्तव्यांत गणले आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार प्रकरणात म्हटले आहे. त्या अर्जदाराची याचिका फेटाळली गेली होती, पण सांगितलेले तत्त्व आजही आधार म्हणून घेतले जाते. दंडाधिकाऱ्यांनी अर्ज बासनात ठेवला तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. 2012 मध्ये इचलकरंजीत, तेव्हा तेथेही नगरपरिषदच होती, काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. आपल्या गल्लीतील पाच घरांतल्या रुग्णांकडे आपल्या नगरपरिषदेने आज दुर्लक्ष केले तर पुढे काय होऊ शकते, हे आपल्या अर्जात लिहायला संकोच करू नका.

नुकसानभरपाईचा रस्ता वेगळा आहे आणि तेथे तारखा अत्यंत कडक आहेत. ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. परंतु पाणीपट्टी हा कर की सेवेचा मोबदला, हा आक्षेप नगरपरिषद पहिल्याच दिवशी घेईल, आणि त्यावर तक्रार अडकण्याचा धोका आहे. दिवाणी दाव्यासाठी 1965 च्या अधिनियमाचे कलम 304 लागू होते: नगरपरिषदेला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर एक महिना थांबावे लागते आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. कारण नेमके केव्हा घडले यावर वाद नको म्हणून आपण मुदत ताप आलेल्या 4 जुलैपासून मोजावी. ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच संपते, म्हणून आज ऑक्टोबर सुरू असताना नोटीस फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचायलाच हवी. मुलगा कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यामुळे दावा त्याच्या वतीने आपण पालक म्हणून कराल. नोटिशीत आपले नाव, पत्ता, घटनाक्रम, रुग्णालयाची बिले, औषधांच्या पावत्या आणि त्या आठवड्यात बुडालेली आपली मजुरी यांचा तारीखवार उल्लेख असावा. खोदकाम करणाऱ्या कंत्राटदाराचे नाव माहिती अधिकारातून कळताच त्यालाही नोटीस द्यावी.

पाणी सुरक्षित असल्याची तपासणी होईपर्यंत ते खळखळून उकळूनच प्यावे, हे वकील म्हणूनही सांगणे मला भाग आहे. नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा, आणि तिची एक प्रत नगरपरिषदेच्या आवक विभागात स्वतः देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. मुख्याधिकारी कार्यालयात नाहीत असे सांगितले तरी पोच हाती आल्याशिवाय तेथून निघू नका.