पोहणे कुठे बसवायचे? ट्रायथलॉनच्या सरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास मिळतात. ऑलिम्पिक अंतराची (१५०० मीटर पोहणे, ४० किमी सायकल, १० किमी धावणे) तयारी करतोय. रविवारी एकदाच दीड तास पोहतो. पुरेल का?

अंतर पार पडेल, पण सुधारणा होणार नाही. पोहण्यात ताकदीइतकीच पाण्याची जाण लागते आणि आठवड्याच्या खंडाने ती बोथट होते. शिवाय दीड तासातला शेवटचा अर्धा तास दमलेल्या हातांनी चुकीचा स्ट्रोक घोटण्यातच जातो. त्यापेक्षा चाळीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा पोहा. उरलेल्या चार तासांत एकदा पावणेदोन तास आणि एकदा पाऊण तास सायकल, आणि पाऊण-पाऊण तास दोनदा धावणे बसते. यातले एक धावणे सायकलवरून उतरल्या उतरल्या करा, म्हणजे ब्रिकही (दोन प्रकार लागोपाठ करण्याचा सराव) झाले.

सगळ्यात लहान टप्प्याला दोन तास कशाला, असे वाटेल. हिशेबही तसाच दिसतो: १०० मीटरला दोन मिनिटे घेणारा १५०० मीटर अर्ध्या तासात संपवतो. १०० मीटरमागे दहा सेकंद कमी केली तरी अडीच मिनिटेच वाचतात. पण धापा टाकत पाण्याबाहेर आलेला माणूस सायकलवर बराच वेळ सावरतच असतो. पोहण्याची कमाई मला तिथे दिसते.

एकाच दिवशी पोहायचे आणि धावायचे असेल, तर आधी काय?

बहुतेक वेळा पोहणे. ज्यात तंत्र सांभाळायचे ते ताज्या शरीराने करावे. दमलेल्या पायांनी पाण्यात उतरलात की किक मंदावते, कंबर खाली जाते आणि ती वर ठेवायला हात भलतीकडे ओढू लागतात. असा सराव न केलेला बरा.

त्या दिवशी धावण्याचे इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत जोरात धावण्याच्या फेऱ्या) असतील तर क्रम उलटा करा. सकाळी धावा, संध्याकाळी मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) धरून सावकाश पोहा.

धावून लगेच तलावात उतरले की पोटरीत गोळा येतो. मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करू का?

आधी क्रम बदलून बघा. धावून पोटऱ्या दमलेल्या असतात. पोहताना पायाची बोटे मागे ताणलेली राहतात, म्हणजे तोच दमलेला स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करत राहतो. गोळा यायला एवढे पुरते. भिंतीला जोरात रेटा देऊन निघालात की हमखास येतो.

क्रम बदलणे शक्य नसेल, तर त्या दिवशी किकचे सेट गाळा आणि भिंतीवरून हलकेच सुटा. किक गुडघ्यातून न मारता कमरेतून मारा, घोटा सैल ठेवा. गोळा आलाच तर कठड्याला धरून पायाचा पंजा नडगीकडे ओढा. आणि पाणी प्या. तलावातही घाम येतो, फक्त तो जाणवत नाही. पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखणे थांबेना, तर डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यात तीनदा जिम आणि तीनदा पोहणे. खांदा पुढून दुखायला लागलाय. काय सोडू?

सोडण्याआधी खांद्याचा हिशेब मांडा. २५ मीटरच्या तलावात एका लांबीला वीस हात मारत असाल, तर १५०० मीटरला बाराशे हात होतात, म्हणजे प्रत्येक खांद्याला सहाशे. त्यावर बेंच प्रेस, डिप्स, डोक्यावर वजन उचलणे. खांदा तक्रार करणारच.

पॅडल्स (पोहताना तळहातांना लावायच्या चपट्या पट्ट्या) आजच बाजूला ठेवा. डिप्स आणि डोक्यावरची वजने काही आठवडे बंद. त्यांच्या जागी रोइंगसारखे ओढण्याचे व्यायाम आणि रबर बँडने खांदा बाहेर फिरवण्याचा व्यायाम घ्या. पोहणे आणि जिम एकाच दिवशी आले तर आधी पोहा. मित्राला वरून तुमचा व्हिडिओ काढायला सांगा: हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पाण्यात जातोय का, अंगठा आधी शिरतोय का? दुखण्याचे मूळ पुष्कळदा यातच असते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नका.

पाण्यातून बाहेर येऊन सायकलकडे पळताना गरगरते. हे धोक्याचे आहे का?

थोडेसे गरगरणे अनेकांना होते. आडव्या शरीरावरचा पाण्याचा दाब एकदम जातो, माणूस उभा राहतो आणि रक्त पायांकडे उतरते. शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये किक वाढवा आणि बाहेर आल्यावर पहिली काही पावले चालत टाका. याचा सरावही करता येतो: २०० मीटर जोरात पोहा, बाहेर या, ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) लावलेल्या सायकलवर दहा मिनिटे बसा, पुन्हा पाण्यात. दोन-तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. मात्र डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दुखणे, धडधड न थांबणे यांपैकी काही असेल, तर आधी तपासणी, मग सराव.

विश्रांतीच्या दिवशी पोहले तर चालेल?

वीस मिनिटे, घड्याळ न बघता, चालेल. शेजारच्या लेनमधल्याशी चुरस सुरू झाली की ती विश्रांती उरत नाही. आणि धावण्याचे हृदयगतीचे आकडे पाण्यात लावू नका. तेवढ्याच श्रमाला पाण्यात ठोके सहसा कमी पडतात, त्यामुळे हलके समजून तुम्ही जास्तच रेटाल.