शब्दचर्चा : ‘नवजीव महाकल्पा’तला कल्प कोणता?

प्रश्न असा आहे : भूशास्त्राच्या मराठी लेखनात ‘नवजीव महाकल्प’ असा शब्द येतो. हा कल्प पुराणातलाच का? आणि तसं असेल तर ‘ज्युरासिक युग’ म्हणणं चूक का?

शब्द तोच, माप वेगळं. पूजेला बसलं की गुरुजी संकल्पात भराभर म्हणत जातात : श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे... आणि मग एकदम गोदावर्याः दक्षिणे तीरे. कल्पापासून नदीकाठापर्यंतचा पत्ता! यातला कल्प म्हणजे एक हजार चतुर्युगं, अर्थात ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. आकडे इतके जवळ आले की पुष्कळांना हुरूप येतो. मला तो निव्वळ योगायोग वाटतो. ४३२ कोटी हा गुणाकार आहे : कलियुग ४ लाख ३२ हजारांचं, त्याची दहापट चतुर्युग, त्याची हजारपट कल्प. पृथ्वीचं वय मात्र मोजून काढलेलं. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कापाषाणांतल्या शिशावरून ते ४५५ कोटींच्या आसपास ठरवलं होतं.

आता महाकल्प, म्हणजे भूशास्त्रानं पाडलेले पृथ्वीच्या इतिहासाचे मोठे टप्पे (इंग्रजीत era). त्यांतले अलीकडचे तीन : पुराजीव, मध्यजीव, नवजीव. सुरुवात अनुक्रमे सुमारे ५३.९, २५.२ आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी. गंमत म्हणजे यांतला सर्वांत लांब पुराजीवसुद्धा पुराणातल्या एका मन्वंतराएवढा (कल्पाचा सुमारे चौदावा भाग, ३०.६७ कोटी वर्षं) भरत नाही. नाव ‘महा’कल्प, आणि साध्या कल्पाच्या पासंगालाही पुरत नाही. लांब्या सारख्या नाहीत, कारण इथे सीमा आकडा आखत नाही, खडक आखतो. एका थरात सापडणारे जीवाश्म वरच्या थरात दिसेनासे झाले किंवा नवे दिसू लागले की तिथे रेघ.

त्यातली एक रेघ आपल्या अगदी अंगणातली आहे. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा पाहा : काळ्या कातळाचे थर, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये वीतभर ते हातभर तांबडा पट्टा. लाव्हा येऊन थांबला, वरचा भाग कुजून त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. हे सगळं मुख्यतः ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे, म्हणजे मध्यजीव संपून नवजीव लागताना. डायनासोर गेले ते याच सुमारास. पोरानं खेळण्यासाठी ‘कल्पांत मांडला’ असं आपण सहज म्हणतो. खरा कल्पांत तो.

‘ज्युरासिक’बद्दल. हे नाव फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या ज्युरा पर्वतावरून आलं. तो मध्यजीव महाकल्पाचा एक पोटविभाग, म्हणून परिभाषेत ‘ज्युरासिक कल्प’ जास्त नेमकं. बोलताना ‘ज्युरासिक काळ’ म्हणावं, वाद मिटला. ‘युगा’वरून भांडण्यात मात्र अर्थ नाही. यंत्रयुग, लोहयुग म्हणता म्हणता तो शब्द मराठीत कधीच सैल झालाय.

जाता जाता : २०१८ साली गेल्या सुमारे ४,२०० वर्षांना अधिकृत नाव मिळालं ‘मेघालयन’. हा होलोसीनचा, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाचा, पोटविभाग. पुरावा मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचा. तेव्हा खडकांचा संकल्प सोडायचा झाला तर : नवजीवमहाकल्पे, होलोसीने, मेघालयने... पुढे गोदावर्याः दक्षिणे तीरे आहे तसंच.