पाळीव सापांचं ब्रीडिंग घरच्या घरी करून पैसे मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत घर आहे, तळघर रिकामं आहे, मुलाला बॉल पायथनचं वेड लागलंय, आणि व्हिडिओंमध्ये लोक एकेका पिल्लाचे हजारो डॉलर सांगतात. मग एक जोडी आणून सुरुवात करावी का? आणि पुण्यातल्या भावालाही हे जमेल का?

मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात राहतो आणि बरीच वर्षं हेच साप सांभाळतोय, त्यांची पिल्लं विकतोय. छंद म्हणून जरूर करा, फार आनंद मिळतो. पैशांसाठी करायचं असेल तर मात्र आधी एक गोष्ट ठरवा: जी पिल्लं कोणी घेणार नाही त्यांचं काय करणार? माझ्या मते या धंद्यातला खरा प्रश्न एवढाच आहे.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. मादी साधारण चार-पाच फुटांची होते. १९९२ साली अमेरिकन सर्पपालक बॉब क्लार्क यांनी प्रजननातून पहिले अल्बिनो मिळवले, तेव्हा त्या पिवळ्या-पांढऱ्या पिल्लांना हजारो डॉलर मोजले गेले. पुढच्या काही वर्षांत पाइबॉल्ड, पेस्टल, स्पायडर असे एकेक रंगप्रकार आले. यांनाच मॉर्फ म्हणतात. पण साप पिल्लं देतो, ती पिल्लं मोठी होऊन आणखी पिल्लं देतात, आणि काल दुर्मीळ असलेला मॉर्फ आज प्रत्येक प्रदर्शनात टेबलाटेबलावर दिसतो. आज साधा अल्बिनो दोनशे डॉलरच्या आतही मिळून जातो. व्हिडिओतली हजारोंची पिल्लं म्हणजे चार-पाच जनुकं एकत्र आणलेले नवे जोड असतात. तिथवर पोचायला अनेक पिढ्या लागतात, आणि पोचेपर्यंत त्याचाही भाव उतरलेला असतो.

आता गणित बघा. अल्बिनो हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळालं तरच तो दिसतो. दिसायला साधे पण अल्बिनोचं एक जनुक असलेले, म्हणजे ज्यांना हेट म्हणतात असे नर-मादी जोडले, तर सरासरी चारात एक पिल्लू अल्बिनो निघतं. मादी एका वेळी सहाच्या आसपास अंडी देते. म्हणजे नशिबाने एक-दोन अल्बिनो आणि चार-पाच तपकिरी. त्या तपकिरींपैकी दोन तृतीयांश हेट असतात, पण बघून ओळखता येत नाहीत, म्हणून ती '६६ टक्के पॉसिबल हेट' म्हणून पन्नास डॉलरच्या आत जातात. जातात म्हणजे, गिऱ्हाईक मिळालं तर. तोवर प्रत्येकाला वेगळा टब, उष्णता, पाणी आणि दर आठवड्याला उंदीर लागतोच. शिवाय मादी दीड किलोच्या आसपास भरून साधारण तीन वर्षांची होईपर्यंत तिला जोडू नये, आणि अनेक माद्या दरवर्षी अंडी देत नाहीत. पहिली तीन वर्षं फक्त खर्च आहे असंच धरून चाला.

प्रजनन त्यामानाने सोपं. थंडीच्या महिन्यांत नराला अधूनमधून मादीच्या टबात सोडायचं. मादीचं पोट एके दिवशी मोठं भक्ष्य गिळल्यासारखं फुगलेलं दिसलं की बीजांडं सुटली. मग ती कात टाकते, आणि त्यानंतर महिनाभराने अंडी. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, ती ओढून सोडवायची नाहीत, आणि वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच वर ठेवायची. उलटी झाली तर आतला जीव दगावू शकतो. ओलसर व्हर्मिक्युलाइटवर, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुश्शावर, साडेएकतीस अंश सेल्सिअसला, दोन महिने. थर्मोस्टॅट चांगला घ्या. इथे पैसे वाचवू नका.

पिल्लू बाहेर येताना एकदा तरी मुलाला शेजारी बसवून दाखवा. तोंडाच्या टोकाशी असलेल्या बारीक दाताने ते कवचाला आतून चीर पाडतं, आणि त्या चिरेतून नाकाचा शेंडा तेवढा वर येतो. त्यावर चिकट बुडबुडा असतो. मग एक-दीड दिवस ते तसंच बसून राहतं, कारण आतला बलक अजून अंगात शोषला जायचा असतो. घाईने ओढून काढू नका.

कस लागतो तो यानंतर. आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं आणि मग त्याला पहिला घास द्यायचा. काही पिल्लं लगेच झडप घालतात. काही चिमट्यातला कोमट केलेला उंदीर बघून डोकं वेटोळ्यात लपवतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. तेव्हा लहान, अंधारा, घट्ट टब द्यायचा, रोज उचलून बघायचं नाही, पाच-सहा दिवसांनी पुन्हा विचारायचं. सलग चार-पाच वेळा स्वतःहून खाल्ल्याशिवाय पिल्लू विकू नका. घाईने विकलेलं पिल्लू नवख्या माणसाच्या घरी उपाशी राहतं, आणि त्याचं पाप विकणाऱ्याच्या डोक्यावर.

स्पायडर मॉर्फबद्दल माझं मत ठाम आहे: जोडू नका. दिसायला सुंदर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा. पण त्याच जनुकामुळे आतल्या कानाची रचना बिघडते. साप डोकं तिरकं धरतो, मळसूत्रासारखं फिरवतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ मध्ये आपल्या प्रदर्शनांत त्याची विक्री बंद केली, ते योग्यच केलं. 'सौम्य आहे, खातो-पितो' असं सांगणारे भेटतील. पण सौम्य स्पायडरच्या पोटी तीव्र त्रास असलेलं पिल्लू येऊ शकतं, आणि ते आधी कळायला मार्ग नाही.

कायद्याचं: २०१२ पासून बर्मी अजगरासारख्या काही मोठ्या जातींवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, आणि ओहायोचा त्याच वर्षीचा कायदा मोठ्या अजगरांना आणि विषारी सापांना लागतो. बॉल पायथन दोन्हींत नाही. तरी शहराचे आणि घरमालक संघटनेचे नियम वाचा. साप सरकारी टपालाने पाठवता येत नाहीत. खाजगी कुरिअर, तेही ठरलेल्या पद्धतीने आणि हवामान बघून, म्हणजे कडक थंडीत विक्री जवळपास थांबते.

भावाला मात्र सांगा, नको. भारतातला नाग, धामण, अजगर पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंद सरकारकडे करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. २०२४ च्या नियमांनुसार हे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होतं. आणि मूळ साप आला कुठून, हा प्रश्न आहेच. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशांच्या सामानातून बॉल पायथन जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ज्याचे कागद नाहीत असा साप घेणं म्हणजे त्या तस्करीला पैसे पुरवणं.

तुम्ही जोडी आणू नका, एकच मादी आणा. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्गच्या सरीसृप प्रदर्शनाला मुलाला घेऊन या, पण पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. विकणाऱ्याला विचारा: जन्म कधीचा, शेवटचे दहा घास कधी आणि कशाचे, आई-बाप बघायला मिळतील का. खवल्यांमध्ये आणि डोळ्यांभोवती काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. त्या टेबलावरून काही घेऊ नका. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तोंडाशी फेस दिसला, तरी नाही. घरी आणल्यावर वर्षभर मुलाला वही ठेवू द्या: वजन, कात, खाणं, नकार. बॉल पायथन तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुई प्राणिसंग्रहालयातल्या साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती, त्यामुळे मुलगा कॉलेजला गेल्यावर तिला कोण बघणार हेही आत्ताच बोलून घ्या. वर्षानंतर वही घेऊन मला लिहा, नर कोणता बघायचा ते आपण तेव्हा ठरवू.